न उडणारी बाई

१

सोमवारी सकाळी मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या पेट्टिग्रू हॅलोरनच्या इमारतीत लिफ्ट रिकाम्या वरखाली करत होत्या. माणसं खालीच कोंडाळं करून उभी होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एरवी फर्मच्या जाहिराती फिरत असत. आज तिथे एकच फोटो होता. विमानतळावरचं एक गेट, आणि त्या गेटासमोर हातात बोर्डिंग पास धरून उभी असलेली रोवेना स्टॅकपूल. अंगात तिचा तो मोहरीच्या रंगाचा रेनकोट. खाली ओळ होती : 'सिडनी, काल संध्याकाळ. आपली न उडणारी बाई.'

रोवेना फर्मच्या हवामान विभागाची प्रमुख होती. हिशेबतपासणी, कर आणि सल्ला यांवर हजारो माणसांचं पोट चालवणाऱ्या या फर्मने आपला धूर, म्हणजे कार्बन-उत्सर्जन, निम्म्यावर आणायचा असं ठरवलं, तेव्हा तिला बाहेरून आणलं होतं. तिने वीज पवनचक्क्यांची घेतली, गाड्या बदलल्या, माल पुरवणाऱ्यांनाही 'तुमचा धूर दाखवा' म्हणून कामाला लावलं. तोवर कुणाचं काही दुखलं नाही. दुखलं ते विमानाला हात घातल्यावर. मेलबर्न-सिडनी म्हणजे एका डुलकीचं विमान. तिथे रोवेनाने रात्रभराच्या आगगाडीचा नियम आणला. स्वतःही कामासाठी कधी विमानात चढली नाही. आगगाडीच्या खिडकीशी बसलेला तिचा फोटो शहरभर ट्रामच्या थांब्यांवर झळकत होता. आणि येत्या बुधवारी, बड्या ग्राहकांना बोलावून, फर्म जाहीर करणार होती की आमचा विमानप्रवास निम्मा झाला.

थीया कालिगेरिस गर्दीच्या मागे उभी राहून तो फोटो बघत होती. तिच्या पोटात काहीतरी ऊबदार पसरलं. थंडीत सूप प्यावं तसं. रोवेनाच्या जागेसाठी थीयानेही अर्ज केला होता. तिचा नंबर लागला नाही, आणि तेव्हापासून रोज सकाळी ट्रामची वाट बघताना तो खिडकीतला चेहरा तिच्याकडे बघून हसत असे.

तेवढ्यात दारातून रोवेनाच आत आली. पाठीला सॅक, रेनकोट चुरगळलेला, बाहीवर कॉफीचा मोठा डाग. गर्दी आपोआप दुभंगली. तिने पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मी विमानतळावर होते," ती म्हणाली. "विमानात बसले नाही. याहून जास्त मी कुणाला काही सांगणार नाही."

आणि लिफ्टकडे न बघता ती जिना चढून गेली. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मग खाली कुणीतरी हसलं.

२

थीया फर्ममध्ये तक्रारींची चौकशी करत असे. लाच, छळ, खोटी बिलं, काहीही. त्यामुळे व्यवस्थापकीय भागीदार जेरार्ड ल्यूकॉकने तिला बोलावलं याचं नवल नव्हतं. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या, आजच हव्या होत्या : फोटो कुणी लावला, आणि रोवेना खरंच उडाली का. उडाली असेल तर ती जाईल, आणि तिच्याबरोबर विमानाचा नियमही जाईल, कारण अर्धे भागीदार तो गाडायला फावडी घेऊनच बसले होते.

"मीच का?" थीयाने विचारलं.

"कारण तू तिला वाचवलंस असं कुणी म्हणणार नाही," जेरार्ड म्हणाला.

म्हणजे तिच्या मनातलं इमारतीला माहीत होतं. थीयाचे कान तापले.

पडदा मेरेडिथ टोच्या ताब्यात असे. ती फर्मची प्रसिद्धी बघायची. तिने सांगितलं की फोटो त्याच सकाळी, स्वागतकक्षातल्या संगणकावरून चढवला होता. त्याचा पासवर्ड तिघांच्या खोल्यांत होता : तिच्या स्वतःच्या, हवामान विभागाच्या आणि डंकन ऑर्मंडच्या, कारण डंकन आपल्या ग्राहकांच्या स्वागताच्या पाट्या स्वतः लावून घ्यायचा. रविवारी मेरेडिथच्या वडिलांचा वाढदिवस होता. अख्खं खानदान इथेच, शहरातल्या बॉक्स हिलला जेवायला जमलं होतं, तिची स्वतःची सासूसुद्धा, आणि सासू साक्षीला असली की मला आणखी पुरावा लागत नाही, असं ती म्हणाली. रोवेनाबद्दल विचारलं तर ती म्हणाली की जाहिरात तिने केली, ओळी तिने लिहिल्या, फोटोसाठी पहाटे स्टेशनवर ती कुडकुडली, आणि जाहिरातीला मिळालेलं बक्षीस घ्यायला रोवेना गेली.

थीया उठली तेव्हा मेरेडिथने हळूच विचारलं, "राग मानू नकोस, पण खाली लोक म्हणतायत की हे तूच केलंस."

"मग त्यांना सांग की मी चौकशी करतेय."

"तेच तर म्हणतायत. चोराच्या हाती किल्ल्या."

डंकन ऑर्मंड मोठाल्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा भागीदार. फर्ममधला सगळ्यांत जास्त उडालेला माणूस, आणि आता सगळ्यांत जास्त जमिनीवर बसवलेला. त्याने काहीही लपवलं नाही. "तीन वर्षं मी सिंगापूरच्या लोकांशी संगणकाच्या काचेतून बोलतोय," तो म्हणाला. "तुरुंगातल्या भेटीसारखं. आणि ते मला विचारतात काय, तर तुमची ती आगगाडीवाली कशी आहे?" शनिवार-रविवार तो मेलबर्नजवळच्या मॉर्निंग्टनला भावाची बिघडलेली होडी ढकलत होता, धक्क्यावरच्या निम्म्या लोकांनी त्याच्या शिव्या ऐकल्या होत्या. पासवर्ड आपल्या खोलीत कुणालाही मिळेल हेही त्याने कबूल केलं. "पण मी लावला असता ना, तर खाली सही केली असती."

थीयाला ते पटलं. डंकनच्या मनात जे जळत असे ते तो चारचौघांत, खुशाल धूर सोडत जाळत असे.

उरला हवामान विभाग. तिथे रोवेनाच्या हाताखाली एकच माणूस असा होता, ज्याच्याबद्दल फर्ममध्ये कुणी कधी वाकडा शब्द काढला नव्हता.

३

जूलियन व्हेझी स्वतःच थीयाच्या खोलीत आला. येताना तिच्यासाठी कॉफी घेऊन आला. पस्तिशीचा, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. रोवेनाचा उजवा हात. आगगाडीच्या नियमावर सगळे दात खात होते तेव्हा यानेच फर्मच्या अंतर्गत पानावर प्रवासाचे किस्से लिहून लोकांना हसवलं होतं. घोरणारे सहप्रवासी, गारढोण सँडविच, खिडकीतून दिसणारे कांगारू. निम्मी माणसं गाडीने जायला लागली ती त्या किश्शांमुळे, असं थीयाही मानत असे. जाहिरातीत मात्र तो कुठेच नव्हता.

तो बराच वेळ कपाशी चाळा करत बसला. रोवेनाने आपल्याला खूप शिकवलं, ती नसती तर आपण अजून करपत्रकं भरत बसलो असतो, असं काहीबाही म्हणाला. शुक्रवारी दोघंही सिडनीच्या ऑफिसात होते. रोवेना शनिवार-रविवार तिच्या आईकडे राहिली, तो मित्रांकडे. दोघांचीही परतीची तिकिटं एकाच गाडीची होती, काल रात्रीची.

"मग तुम्ही एकत्र आलात?" थीयाने विचारलं.

"तेच सांगायला आलोय. आणि सांगावंसं वाटत नाहीये."

"सांग."

"मी सगळे डबे फिरलो. म्हटलं, गप्पा मारू, बुधवारचं भाषण बघू. ती नव्हती, थीया." त्याने कप खाली ठेवला. "मला वाटलं शयनकक्षात असेल, दार लावून. सकाळी सीमोर मागे पडल्यावर उजाडलं, मी गाडीच्या उपाहारगृहात चहा घ्यायला गेलो. ती गाडीत असली की सकाळी तिथेच सापडते. खिडकीबाहेर धुकं, कांगारूंचा कळप, सगळं नेहमीसारखं. फक्त ती नव्हती. इथे येऊन फोटो पाहिला आणि मग कळलं."

त्याचे डोळे भरून आले होते. थीयाने त्याला पाण्याचा ग्लास दिला. तो गेल्यावर तिने दार लावलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावर पसरलेलं हसू हाताने पुसलं. रोवेना उडाली होती, आणि साक्षीदार मिळाला होता, तोही तिच्याच घरातला.

४

रोवेनाच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती रेनकोटाची बाही बेसिनखाली धरून चोळत होती. थीयाने आत येऊ का विचारलं, तेव्हा तिने मान हलवली, पण चोळणं थांबवलं नाही.

थीयाने एकेक विचारायला सुरुवात केली. विमानतळावर कशाला गेली होतीस? उत्तर नाही. हातात पास कुणाचा? उत्तर नाही. कुणाला भेटायला गेली होतीस, कुणी पुरुष आहे का, दुसऱ्या फर्मचं बोलावणं आहे का? रोवेना फक्त एकदा हसली, थकून.

"तू गप्प बसलीस तर मला एकच गोष्ट लिहावी लागेल," थीया म्हणाली. "आणि खरं सांगू, मला ती लिहायला जड जाणार नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू या खोलीत येतेस तेव्हा माझ्याकडे बघत नाहीस. खुर्चीकडे बघतेस."

थीया उठली, आणि केवळ काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली की एवढा डाग काही निघायचा नाही. रोवेनाही तेवढ्याच कंटाळ्याने म्हणाली, हो, आणि डाग आपला नाहीच. काल रात्री अर्ध्या वाटेत, ऑल्बरीला, सगळ्यांना गाडीतून उतरवून बसमध्ये कोंबलं, शेजारच्या बाई कॉफीचा मग घेऊन पेंगत होत्या, आणि पहिल्याच वळणावर तो सगळा इकडे आला.

थीया बाहेर पडली. खोटं बोलणाऱ्याला नेहमी एक तपशील जास्त लागतो, असं तिचा अनुभव सांगत होता. म्हणे बस. म्हणे पेंगणाऱ्या बाई.

जागेवर येऊन तिने तो फोटो पुन्हा उघडला. चौकशीचा शेवट लिहिण्याआधी एकदा बघावा म्हणून. रोवेना डाव्या हाताने पास धरून उभी होती. सॅक पाठीवर, दोन्ही पट्टे खांद्यांवर. उजवा हात खाली गेलेला, आणि फोटो कमरेशी संपत होता. पण उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला खाली झुकला होता. हातात काही ओढ असावी तसा.

सामान पाठीवर आहे, तर मग हातात काय होतं?

आणि विमानतळावर चोरून फोटो काढणारा माणूस इतका जवळून, इतका नेमका कमरेपर्यंतच फोटो का काढेल? घाईत माणूस समोरच्याला अख्खं टिपतो. हा फोटो नंतर कापला होता. खालच्या भागात असं काहीतरी होतं, जे पडद्यावर दिसलं असतं तर रोवेना सुटली असती.

निदान ती बस खरी होती का ते बघावं म्हणून थीयाने नाइलाजाने फोन उचलला आणि रेल्वेच्या चौकशीला लावला.

५

फोनवरच्या बाईंनी दोनदा माफी मागितली. हो, काल रात्री रुळांचं काम होतं. हो, ऑल्बरीपासून मेलबर्नपर्यंत गाडी गेलीच नाही, सगळे प्रवासी बसने गेले. हो, सगळेच. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

थीयाने फोन ठेवला. सीमोर ऑल्बरीच्या पुढे, मेलबर्नच्या अलीकडे. तिथून काल गाडी गेलीच नव्हती. तिथे गाडीच्या खिडकीतून कुणी कांगारू पाहिले नव्हते आणि उपाहारगृहात कुणी चहाही घेतला नव्हता.

ती जेवायच्या सुट्टीत नदीकाठी जाऊन बसली. सोबत आणलेली पालकाची पेस्ट्री तिने उघडली आणि तशीच मांडीवर ठेवली. हे फक्त तिला माहीत होतं. जेरार्डला संध्याकाळी उत्तर हवं होतं, आणि जूलियनची साक्ष तेवढी ठेवली तर ते उत्तर तयार होतं. खोटं लिहायचं नव्हतं. फक्त एक फोन केलाच नाही असं समजायचं होतं. रोवेना स्वतःच तोंड उघडत नव्हती. ती गेली की ती खोली रिकामी, ती खुर्ची, आणि ट्रामच्या थांब्यावर दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा. आपण किती चांगलं केलं असतं हे काम. आपण ग्राहकांसमोर कशा उभ्या राहिलो असतो. थीयाने कपड्यांपर्यंत विचार केला. समोर नदीवर शाळकरी पोरींची होडी वल्ह्यांच्या तालात आली आणि गेली. पेस्ट्री थंड झाली.

ती परत आली आणि तिने जेरार्डला सांगितलं की सगळ्यांना एकत्र बोलाव.

६

बैठकीच्या खोलीत जेरार्ड, डंकन, मेरेडिथ, जूलियन आणि रोवेना. थीया उभी राहिली. जूलियनला तिने सकाळचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. तो नको म्हणत होता, रोवेनासमोर कसं सांगू म्हणत होता, पण त्याने सांगितलं. डबे, शयनकक्ष, सीमोर, धुकं, चहा. रोवेनाने पहिल्यांदाच मान वर केली आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"बस कशी होती?" थीयाने विचारलं.

"कसली बस?"

खोलीत कुणाला काही कळलं नाही. रोवेनाला कळलं. तिने डोळे मिटून घेतले.

थीयाने सावकाश सांगितलं. काल ऑल्बरीच्या पुढे गाडी नव्हतीच. रेल्वेने तसं कळवलंय. रोवेनाला ते माहीत होतं, कारण ती त्या बसमध्ये होती. तो डाग अजून तिच्या बाहीवर आहे. जूलियनला माहीत नव्हतं, कारण तो गाडीत चढलाच नाही. फोटो ज्याने काढला तो काल सिडनीच्या विमानतळावर होता आणि आज सकाळी पासवर्ड घेऊन इथे. मेरेडिथ काल बॉक्स हिलला होती, डंकन मॉर्निंग्टनला. सिडनीत दोघंच होते, आणि त्यातली एक फोटोत आहे. जूलियनवर संशय आला नाही तो केवळ आगगाडीमुळे. ती आगगाडी आता नाही.

"कदाचित मला झोप लागली असेल," जूलियन म्हणाला.

"गाडीतून सामान घेऊन उतरताना?"

जूलियनचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"फोटो कापण्याआधीचा दाखव," थीया म्हणाली.

त्याने फोन टेबलावर ठेवला. अख्ख्या फोटोत रोवेनाच्या उजव्या हाताला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी लोंबकळत होती. सगळा भार त्या हातावर टाकून, पाय घासत, जायचं नाही म्हणून अडून बसलेली. गळ्यात विमान कंपनीची पिशवी होती, एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांना देतात तशी.

"माझी मुलगी," रोवेना म्हणाली. "पर्थला तिच्या बापाकडे राहते, सुट्टीत सिडनीला माझ्या आईकडे येते. हातातला पास तिचाच. सुट्टी संपली की मी तिला गेटापर्यंत सोडते, विमान उडेपर्यंत थांबते. मग स्टेशनवर जाते." तिने फोन पालथा केला. "दर सुट्टीत माझं पोर अख्खा खंड ओलांडून उडतं, आणि मी तुम्हाला आगगाडीत बसवते. कुणीतरी हे कधी ना कधी म्हणणारच होतं. पण तिला या पडद्यावर आणायचं नव्हतं."

डंकनने खुर्ची मागे ढकलली. "म्हणजे," तो म्हणाला, "या इमारतीत नियम पाळणारी एकच बाई होती, आणि आपण तिलाच पकडलं." यावर कुणी हसलं नाही.

जूलियनने मग सगळं सांगितलं. वर्षभर तो स्वतःच्या खिशातून विमानाचं तिकीट काढत होता आणि फर्मचं गाडीचं तिकीट वाया घालवत होता. किस्से आधीच्या प्रवासांतले होते. नवे तो रचायचा. पाठ दुखायची, झोप यायची नाही, दुसऱ्या दिवशी डोकं चालायचं नाही. हे कुणाला सांगणार, त्याच्या किश्शांवर तर लोक गाडीत बसत होते. काल तो आपल्या गेटाकडे जाताना रोवेना दिसली.

"मला आधी आनंद झाला," तो म्हणाला. "खरंच. वाटलं, ही पण माझ्यासारखीच. मी फोटो काढला तो त्या आनंदात. मग ती मुलगी दिसली."

"तेव्हा पुसून टाकायचास," मेरेडिथ म्हणाली.

"तेव्हाच तर टाकवेना." तो रोवेनाकडे वळला, पण बघत होता टेबलाकडे. "तुझी जागा मला नको होती. फोटो, बक्षिसं, काही नको होतं. तुला त्या गाडीत झोप लागते. तू सकाळी हसत उतरतेस. तुला ते सगळं खरोखर जमतं, आणि मला फक्त लिहिता येतं. ते मला बघवत नव्हतं."

७

जूलियनने त्याच दिवशी राजीनामा दिला. बुधवारी ग्राहकांसमोर रोवेनानेच भाषण केलं. निम्मा विमानप्रवास कमी झाला हे वाक्य तिने काढून टाकलं. आकडा पुन्हा तपासावा लागेल, म्हणाली, कारण कागदावर गाडीने गेलेला माणूस विमानाने गेलेला असू शकतो, आणि तसं करायला आमच्याच नियमाने त्याला भाग पाडलं. पहिल्या रांगेतला एक ग्राहक उठून निघून गेला. जेरार्डचा चेहरा पांढरा पडला होता. मग सिंगापूरच्या एका बाईंनी विचारलं की तुम्ही हे तपासणार कसं, कारण आम्हालाही आमच्या घरी तेच तपासायचंय, आणि प्रश्नोत्तरं बराच वेळ लांबली. डंकन शेवटपर्यंत बसून होता.

सगळे पांगल्यावर रोवेना थीयाजवळ येऊन उभी राहिली. खाली रस्त्यावरून ट्रामची घंटा ऐकू येत होती.

"तू रेल्वेला फोन केलास तो जेवणाच्या आधी," रोवेना म्हणाली. "मी चौकशीच्या अहवालातली नोंद बघितली. आणि आम्हाला बोलावलंस संध्याकाळी."

"हो."

"मधे काय करत होतीस?"

थीयाला खोटं सहज बोलता आलं असतं.

"नदीवर बसून तुझ्या जागी मी कशी दिसेन ते बघत होते."

"मग? कशी दिसलीस?"

"छान," थीया म्हणाली. "तुझ्यापेक्षा छान."

रोवेनाने बाजूची एक खुर्ची ओढली आणि थीयापुढे सरकवली. मग आपल्यासाठी दुसरी आणायला गेली.